रात्री माग थांबल्यावर वाजवायचं युकुलेले

पत्र : मी बेळगावच्या वडगावला राहते. खाली वडिलांचे यंत्रमाग, वर आम्ही. दिवसभर मागांच्या खडखडाटात माझं वाजवणं मलाच ऐकू येत नाही आणि रात्री माग बंद होतात तेव्हा घरात सगळे झोपतात. गेलं वर्षभर एकवीस इंची साध्या युकुलेलेवर, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारसारख्या वाद्यावर शिकतेय. गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळासमोर मी आणि दोन मैत्रिणी अभंग आणि भावगीतं म्हणतो, साथीला तबला असतो. माझी पट्टी काळी चार. मागच्या वेळी युकुलेलेसमोर माईक ठेवला तर नुसती शिट्टी वाजत राहिली. ट्यूशनच्या पैशातून बारा हजार साठलेत. इलेक्ट्रिक युकुलेले घ्यावं म्हणते, पण ऑनलाइन बघितलं की डोकं चक्रावतं. एक मित्र म्हणतो, आहे त्यालाच स्टीलच्या तारा लाव आणि गिटारचा पिकअप बसव. काय करू? — वडगावची वाचक

प्रिय वाचक,

आधी मित्राचं ऐकू नकोस, आजच सांगून टाक त्याला. युकुलेलेची घोडी, म्हणजे तारा खालच्या बाजूला टेकतात तो भाग, आणि दांडी नायलॉनच्या तारांच्या ताणाला बेतलेली असते. स्टीलच्या तारा चढवल्यास की घोडी उपटून हातात येते, नाहीतर दांडी वाकते. आणि पिकअप म्हणजे तारेचं हलणं पकडून त्याची वीज करणारा भाग. गिटारचा चुंबकाचा पिकअप फक्त लोखंडी तारेचं हलणं पकडतो, नायलॉनची तार त्याला दिसतच नाही. स्टीलच्या तारांची, चुंबकाच्या पिकअपची इलेक्ट्रिक युकुलेली मुद्दाम तशी बनवलेली मिळतात, पण त्यांचा आवाज लहान इलेक्ट्रिक गिटारसारखा असतो. अभंगाला तो तू घेणार नाहीस.

आता उरलेले दोन प्रकार. एक नेहमीसारखं पोकळ युकुलेले, ज्याच्या घोडीखाली पिझो नावाची पट्टी आणि बाजूला आवाज कमी-जास्त करायच्या कळा असतात. याला इलेक्ट्रो-अकूस्टिक म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे सॉलिड बॉडी. आत पोकळी नाही, लाकडाचा सलग तुकडा, तारा नायलॉनच्याच, पिझोही तोच. वायर न लावता वाजवलंस तर तुझ्या मांडीवर तुला ऐकू येईल एवढंच. दुकानदार आणि वेबसाइटवाले या दोन्ही प्रकारांना सरसकट ‘इलेक्ट्रिक’ म्हणतात, तुझं डोकं चक्रावलं ते तिथेच.

तुझ्यासाठी माझं उत्तर सॉलिड बॉडी. आणि याचं मोठं कारण म्हणजे तुझ्याकडे पोकळ युकुलेले आधीच आहे. लाइट गेली, सहलीला गेलीस, मैत्रिणींबरोबर ओसरीवर बसलीस, तर ते एकवीस इंची वाजेल. ते विकू नकोस. दुसरं वाद्य घ्यायचं तर पहिल्याला जे जमत नाही तेच जमणारं घे. रात्री गप्प बसणं आणि मंडपात शिट्टी न वाजवणं, या दोन्ही गोष्टी पोकळ वाद्याला अवघड जातात, आणि दोन्हींचं कारण एकच, ती पोकळी. स्पीकरचा आवाज पोकळीत शिरतो, वरची पातळ फळी थरथरते, ती थरथर पिझो किंवा माईक परत स्पीकरकडे पाठवतो आणि चक्र फिरत राहतं. मागच्या गणपतीत तुम्ही ऐकलीत ती शिट्टी हीच. सॉलिड बॉडीला थरथरायला फळीच नाही. मंडपातले बॉक्स कितीही मोठे असोत, ती सहसा शिट्टी देत नाही.

जाता जाता एक मजेची गोष्ट. पोर्तुगालच्या मदेरा बेटाहून निघालेलं रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज १८७९ च्या ऑगस्टमध्ये होनोलुलूला लागलं. त्यातल्या पोर्तुगीज लोकांबरोबर आलेल्या चार तारांच्या लहानशा वाद्यावरून हवाईत युकुलेले घडलं. आणि पुढच्याच वर्षी, १८८० साली, फ्रान्समध्ये पिएर आणि झाक या क्युरी बंधूंनी दाखवून दिलं की काही स्फटिक दाबले की त्यांतून वीज निघते. तुझ्या घोडीखालची पिझो पट्टी याच तत्त्वावर चालते : तार हलते, घोडीवर दाब बदलतो, दाबाची वीज होते. म्हणून तिला नायलॉन चालतं. आणि म्हणूनच घोडी पट्टीवर सगळीकडे सारखी टेकलेली हवी. याकडे पुढे येते.

आकाराबद्दल तू विचारलं नाहीस, पण माझ्या मते तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे, कारण तू पट्टी लिहिलीस. काळी चार. जरा बोटं लावून बघ. युकुलेलेच्या तारा जी, सी, ई, ए अशा लागतात, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या कडीशी) लावलास की सगळं अर्ध्या सुराने चढतं आणि जी हा सा धरून शिकलेले सोपे कॉर्ड तुझ्या काळी चारमध्ये वाजतात : जी, सी, डी. इथवर छान. पण साध्या युकुलेलेची चौथी तार वरच्या सप्तकातली असते. कॅपो लावल्यावर ती तुझा तार षड्ज देते आणि वाद्याचा सगळ्यांत खालचा सूर उरतो तिसऱ्या तारेचा, तो तुझा शुद्ध मध्यम. म्हणजे तू जिथे सा, रे, ग गातेस ते तुझ्या युकुलेलेवर त्या सप्तकात अस्तित्वातच नाहीत! साथ करताना आवाजाच्या वर कुठेतरी टणटण होतंय, खाली आधार नाही, असं तुला वाटलं असेल तर ते तुझ्या हाताचं काम नव्हे.

यावर इलाज आहे, ‘लो जी’. चौथ्या तारेच्या जागी जाड तार, एक सप्तक खाली. मग कॅपो लावला की चार मोकळ्या तारा तुला सा, म, ध आणि तार सप्तकातला रे देतात. चौथी मोकळी तार हाच तुझा षड्ज. अंगठ्याने ती मधूनमधून छेडत राहिलीस तर अभंगाच्या दोन ओळींमधली जागा भरून निघते, गाणारीला बसायला पाट मिळतो. एकवीस इंची वाद्यावर ही जाड तार ढिली आणि मिळमिळीत वाजते. तेवीस इंची कॉन्सर्टवर चालते, सव्वीस इंची टेनरवर खुलते. म्हणून टेनर घे. बोटं थोडी जास्त ताणावी लागतील, आठवड्याभरात सवय होईल. तीस इंची बॅरिटोन मात्र नको, त्याच्या तारा वेगळ्या लागतात, डी, जी, बी, ई, आणि तू शिकलेली कॉर्डची सगळी नावं बदलतात.

मैत्रिणींपैकी कुणी काळी एकमध्ये गात असेल तर त्याच कॅपोवर सी, एफ, जी वाजव. पट्टी बदलली तर तबलाही बदलावा लागतो, ते तबलजीशी आधी बोलून ठेवा.

आता खरेदी. बारा हजारांपैकी दोन-अडीच हजार बाजूला ठेव, त्याला हात लावू नकोस. उरलेल्यात वाद्य. नामवंत कंपन्यांची नायलॉनची सॉलिड बॉडी फार सुंदर वाजतात, पण ती तुझ्या पैशात बसणार नाहीत, म्हणून तिकडे बघून जीव जाळू नकोस. तुझ्या पैशात चिनी बनावटीची, फारसं नाव नसलेली टेनर येतील किंवा एखादं वापरलेलं. दोन्ही चालेल. वापरलेल्यासाठी कोल्हापूर, हुबळी बघ, आणि जमलं तर चोर्ला घाट उतरून गोव्यात चौकशी कर. तिथे घरोघरी तारांची वाद्यं वाजवणारी माणसं आहेत, ती वाद्य नीट जपतात आणि नवं घेतलं की जुनं विकतात.

वर्णनात तीन गोष्टी शोध. हेडफोनची वेगळी लहान जागा, साडेतीन मिलिमीटरची. मोठ्या जॅकची, म्हणजे साउंडवाल्याच्या वायरची जागा. आणि जमलं तर ‘ऑक्स इन’, ज्यात मोबाईलची वायर जाते. या तिसऱ्याचं महत्त्व तुला दिसेल तितकं परदेशी वाजवणाऱ्यांना दिसत नाही : मोबाईलवर काळी चारचा तानपुरा किंवा तबला लावायचा आणि तो तुझ्या वाजवण्याबरोबर एकाच हेडफोनमध्ये ऐकायचा. रोजचा रियाज सुरात राहतो. फक्त मोठाच जॅक असेल तर त्यात हेडफोन खुपसून भागत नाही, एका कानात क्षीण आवाज येतो, तोही आला तर. मग वेगळा लहानसा हेडफोन अॅम्प घ्यावा लागेल आणि खर्च वाढेल.

दुकानात गेलीस तर लाजू नकोस, अर्धा तास घे. हेडफोन लाव, आवाज पूर्ण वाढव आणि काहीच वाजवू नकोस. किती सळसळ ऐकू येते? थोडी चालेल, नळ सोडल्यासारखी असेल तर परत ठेव. मग चारही मोकळ्या तारा एकाच जोराने छेड. एखादी तार इतरांपेक्षा दबलेली येत असेल तर घोडीची पट्टी पिझोवर सारखी टेकलेली नाही. स्वस्त वाद्यांतला हा नेहमीचा दोष. चांगला कारागीर पट्टी घासून तो काढू शकतो, पण दुकानदाराने काढून द्यायला हवा, तू नव्हे. जॅकमधली वायर हळूच हलव, खरखर नको. त्यानंतर ट्यूनर लावून प्रत्येक तार मोकळी आणि मग बाराव्या फ्रेटवर वाजव, दोन्ही वेळा सूर तोच यायला हवा, एक सप्तक वर एवढाच फरक. पहिल्या फ्रेटवरचा सूरही बघ. तो चढा येत असेल तर दांडीच्या वरच्या टोकाला तारा बसतात त्या खाचा कमी खोल आहेत, बोट जास्त दाबावं लागतं आणि सूर वर जातो. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत अडीच ते तीन मिलिमीटर अंतर बरं. एकेक फ्रेट दाबत वर जा, कुठे झणझण येते का ऐक. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ती झणझण मुद्दाम हवी असते. युकुलेलेत ती आली तर फ्रेट उंचसखल आहेत असं समज.

ऑनलाइन मागवलंस तर परत घ्यायची मुदत किती आहे ते आधी वाच, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढ आणि वरच्या सगळ्या चाचण्या मुदतीत उरक. नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस ताणतच राहतात, पुन्हा पुन्हा उतरतात. तो दोष नव्हे, घाबरून परत पाठवू नकोस.

आता ते बाजूला ठेवलेले पैसे. पहिले हेडफोनला, आणि हेडफोन वायरचेच. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण तू तार छेडलीस आणि आवाज मागून आला की ताल हातातून सुटतो. कान पूर्ण झाकणारे घे. आणि एक विनंती मनापासून : दिवसा माग चालू असताना हेडफोन लावून वाजवू नकोस. यंत्रमागाचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, त्यावर मात करायला तू हेडफोन आणखी वाढवशील. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी धरली आहे. तुझे कान दिवसभर त्या घरात आधीच काम करतायत. तुला गायचंय, कान जप.

रात्री वाजवताना घोडी आणि हेडफोनपेक्षा तुझा पाय जास्त आवाज करेल. वडगाव-शहापूरकडच्या जुन्या घरांच्या लाकडी माडीवर टाचेने ताल धरला तर तो खाली झोपलेल्या माणसाच्या उशाशी पोचतो. पायाखाली जाड गोधडी घे किंवा मांडी घालून बस. बॅटरीवर वाजव, चार्जर लावून नको. चार्जरमधून वीजलाइनचं घोंघावणं हेडफोनमध्ये येतं, आणि त्याच लाइनवर मोटारी फिरत असतील तर विचारूच नको. नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर अल्कलाइन घे. वाजवून झालं की जॅकमधली वायर आठवणीने काढ. बहुतेक वाद्यांत वायर घातली की आतलं सर्किट चालू होतं आणि काढेपर्यंत बॅटरी खात राहतं, कळा शून्यावर असल्या तरी.

मंडपात साउंडवाले अण्णा मिक्सर रस्त्याच्या पलीकडे कुठेतरी मांडून बसतात. तुझी साधी वायर तिथवर ओढली तर घरघर घेऊनच पोचते. सहा मीटरच्या पुढे मी ती नेणार नाही. म्हणून उरलेल्या पैशांतून डीआय बॉक्स घे, म्हणजे वाद्याचा आवाज माईकच्या लांब वायरवरून घरघर न घेता नेणारी डबी. साधा पॅसिव्ह, विजेशिवाय चालणारा पुरे, कारण तुझ्या वाद्यात बॅटरीचा प्रीअॅम्प, म्हणजे आवाजाला जोर देणारं सर्किट असेल. तुझी छोटी वायर बॉक्समध्ये, बॉक्समधून माईकचीच लांब वायर मिक्सरला. अण्णांकडे बॉक्स असेलही, पण गणपतीत एका दिवसात चार मंडळं करणाऱ्या माणसाकडे तो त्याच वेळी शिल्लक असेल यावर विसंबू नकोस. त्यांना एवढंच सांग : हा माईक नाही, वाद्य आहे, गेन आधी शून्यावर ठेवा आणि हळूहळू वाढवा, मधला आवाज जरा कापा. पिझोचा आवाज मधल्या पट्ट्यात कर्कश लागतो, तिथे थोडं उतरवलं की नायलॉनचा गोडवा परत येतो. वाद्यात रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवायची सोय, असेल तर घरी रात्री मनसोक्त वापर, सॉलिड बॉडीचा कोरडेपणा जातो. मंडपात मात्र तो बंद, पत्र्याचा मांडव स्वतःच पुरेसा घुमतो.

एका गोष्टीची तयारी ठेव. सॉलिड बॉडी स्वतः वाजत नाही, म्हणून मंचावर तुझ्याकडे तोंड केलेला स्पीकर नसेल तर तू काय वाजवतेस ते तुलाच कळणार नाही. अण्णांकडे मॉनिटर माग. नसेलच तर हेडफोनच्या जागेत एक साधा इअरफोन लावून एकाच कानात घाल, दुसरा कान तबल्याला आणि मैत्रिणींना मोकळा. पण काही वाद्यांत हेडफोन लावला की मोठ्या जॅकचा आवाज बंद होतो. हे घेतानाच तपासून घे, मंचावर कळलं तर उपाय नसतो.

आणि टेनर सॉलिड बॉडी बारा हजारात बसलंच नाही तर? तर हट्ट करू नकोस. प्लायवूडचं, म्हणजे लॅमिनेटेड, इलेक्ट्रो-अकूस्टिक टेनर घे. आपल्याकडच्या पावसात सलग लाकडाची फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात. लॅमिनेटेड त्यामानाने टिकून राहतं. खानापूरकडे तर जून ते सप्टेंबर भिंतींनाच ओल असते. खोळीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव. रात्रीसाठी घोडीजवळ तारांखाली मऊ स्पंजचा तुकडा सरकव, नखाऐवजी अंगठ्याच्या मांसल भागाने वाजव. आवाज निम्म्याहून खाली येतो, उजव्या हाताचा रियाज होतो. मंडपात शिट्टी टाळायला स्पीकरच्या मागे उभी राहा आणि वरच्या फळीतलं भोक बंद करणारं रबरी झाकण मिळालं तर लाव. सॉलिड बॉडीइतकं निर्धास्त नाही, पण भागतं.

खरेदी आषाढातच उरक. लो जीच्या जाड तारेला दांडीच्या टोकाची खाच अरुंद पडते, तार अडकते आणि सूर लावताना टक्कन उडी मारते. ती खाच कानशीने जराशी मोठी करून घ्यावी लागेल, आणि गणपती तोंडावर आले की वाद्यं दुरुस्त करणारा कुणीच हाताला लागत नाही.